मुशीच्या पाटीत कोण कोण? कातडी, दात आणि खाणं पाहून किनाऱ्यावरचे शार्क ओळखू या

किनारेकर

ससून डॉकपासून मालवणपर्यंत कुठल्याही बंदरावर लिलावाला उभं राहा, शार्कच्या पाटीला एकच नाव ऐकू येतं. मुंबई-रायगडकडे मुशी, सिंधुदुर्गात आणि गोव्यात मोरी. त्या एका पाटीत तीन-चार जाती सहज निघतात. एखादी मुशी दीड फुटांची असते आणि पूर्ण वाढलेली, पिल्लं घालून झालेली असते. तिच्या शेजारी तेवढ्याच लांबीचं कानमुशीचं, म्हणजे हॅमरहेडचं, नुकतं जन्मलेलं पिल्लू पडलेलं असतं. दोघींना भाव एकच आणि वहीत नोंदही एकच. पहिली जात वर्षा-दोन वर्षांत वयात येते. दुसरीची मादी दोन मीटरच्या आसपास पोचल्याशिवाय पिल्लं घालत नाही. दोघींना एकाच नावाने मोजत राहिलो, तर समुद्रातून नेमकं काय कमी होतंय ते कोणालाच कळणार नाही. ही गोष्ट मला मनापासून लागते, म्हणून हा धागा काढतोय. ज्याला जे माहीत आहे ते इथे टाका.

पहिलं काम सोपं. समोरचा मासा शार्कच आहे ना? कल्ल्यांच्या फटी बघा. शार्कच्या फटी डोक्याच्या बाजूला असतात, आपल्याकडच्या बहुतेक सगळ्यांना पाच-पाच. पाकटाच्या, म्हणजे चपट्या रे माशाच्या, फटी खाली, पोटाकडे. गिटारफिशची शेपूट आणि पाठीवरचे पर, म्हणजे पोहायचे पंख, पाहून बरेच जण त्याला शार्क समजतात, पण उलटा केला की फटी खाली दिसतात. म्हणजे तो पाकटांच्या घरचा.

आता कातडी. हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला तर सुताराच्या पॉलिश पेपरवर घासल्यासारखं होतं. शार्कचे खवले रचनेने दातच आहेत: आत मज्जा, तिच्यावर दंतिन, सगळ्यात वर कठीण थर. टोकं शेपटीकडे वळलेली. सुरमई-रावसाचा खवला माशाबरोबर मोठा होतो, शार्कचा होत नाही. जुना गळतो आणि त्या जागी नवा येतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग धरलं की प्रत्येक खवल्यावर उभ्या बारीक कडा दिसतात, आणि त्यांची संख्या जातीजातीत बदलते. पण एकाच माशाच्या नाकाडावरचे, पोटावरचे आणि परांच्या कडेचे खवले वेगवेगळे असतात. त्यामुळे तुलना करायची तर नेहमी एकाच जागची कातडी घ्यावी. मी पाठीवरच्या पहिल्या पराच्या खालची, कुशीची घेतो.

नुसत्या हाताने ओळखू येणाऱ्या दोन टोकाच्या जाती सांगतो. सिल्की शार्क खोल पाण्यातला, गळाच्या बोटींवर येणारा. त्याचे खवले इतके बारीक आणि दाट बसलेले असतात की उलटा हात फिरवला तरी फारसं खरखरत नाही. दुसऱ्या टोकाला ब्रॅम्बल शार्क. तोही खोलातला, केरळच्या बंदरांवर यकृताच्या तेलासाठी उतरणारा. त्याच्या अंगावर सुटे सुटे काटे असतात, चांगले जाड.

किनाऱ्याजवळच्या जातींत मात्र कातडीच्या पोतापेक्षा कातडीची ठेवण जास्त उपयोगी पडते. पाठीवरच्या दोन परांच्या मधून बोट फिरवा. काही जातींत तिथे कातडीची उभी कड लागते, काहींत पाठ सपाट असते. नुसत्या पुस्तकी लक्षणांपेक्षा या एका खुणेने माझी जास्त कामं झाली आहेत, कारण डोकं कापलं, रंग उडाला, बर्फात मासा आकसला, तरी ती कड राहते.

दातांबद्दल मोजकंच लिहितो, बाकी प्रतिसादांत येईलच. कारकॅरिनस गटातल्या, म्हणजे ब्लॅकटिप-बुल यांच्या घरातल्या, बऱ्याच जातींचे वरचे दात रुंद आणि करवती, खालचे अरुंद आणि सरळ. खालच्यांनी धरायचं, वरच्यांनी कापायचं. टायगर शार्कचे वरचे आणि खालचे दात एकाच घडणीचे असतात: टोक एका बाजूला झुकलेलं, मागच्या अंगाला खोल खाच, कडांना जाड करवत. कासवाचं कवच फोडणारा जबडा आहे तो. याच्या उलट स्मूथहाउंडच्या तोंडात टोकदार दात नसतातच. चपट्या दातांची फरसबंदी असते, कारण त्याचं खाणं खेकडे आणि कोळंबी. हुकटूथ शार्कचे खालचे लांब वाकडे दात तोंड मिटलं तरी बाहेर दिसतात. आणि बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, आपला सगळ्यात मोठा मासा, तिच्या तोंडात दातांच्या तीनशेच्या वर ओळी असून एकेक दात काही मिलिमीटरचा. ती पाणी गाळून खाते, दातांचं तिला कामच पडत नाही.

वेसावकर

चांगला विषय काढलात दादा. आमच्या घरात चार पिढ्या डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, लावतात. डोलीत येणारी मुशी बहुतेक छोटीच, तुम्ही म्हणता ती दीड फुटी. नाकाड चपटं, वरून बघितलं तर पसरट आणि कडेला पातळ. जवळा आणि बोंबील जिथे, तिथे ती. पोट फाडलं की करदी, जवळा, मांदेली, कधी लहान माकूल.

पण एक सांगतो. लिलावात दात बघायला वेळ कोण देणार? पाटी खाली ठेवली की मिनिटात उचलली जाते. मोठी मुशी तर बोटीवरच डोकं उडवून बर्फात जाते. तेव्हा दात-बीत सोडा, धड बघून कशी ओळखायची ते सांगा.

किनारेकर

वेसावकर, प्रश्न एकदम रास्त. तुमची डोलीतली मुशी म्हणजे स्पेडनोज शार्क. मुंबईच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त उतरणारी हीच. फार तर पाऊण मीटरपर्यंत वाढते. हिचा गोंधळ होतो तो मिल्क शार्कशी. दोघींचा रंग करडा-तपकिरी, पोट पांढरं, लांबी जुळते, पाटी एकच.

डोकं असेल तर तोंडाचा कोपरा बघायचा. मिल्क शार्कच्या ओठांच्या कोपऱ्यातून वर जाणारी लांब घडी असते, नखाने उचलता येते. स्पेडनोजला ती जवळजवळ नसते. डोकं नसेल तर धड पालथं घाला आणि पाठीवरचा पहिला पर कुठे संपतो ते बघा. स्पेडनोजचा पर खूप मागे बसलेला असतो, त्याचं मागचं मोकळं टोक पोटाकडच्या परांच्या मध्यावर येतं. मिल्क शार्कचा पर त्यापेक्षा पुढे. शिवाय स्पेडनोजचे छातीचे पर आखूड आणि रुंद, सरळ त्रिकोणी. दात दोघींचे तिरपे, पण मोठ्या मिल्क शार्कच्या दातांना बारीक करवत असते, स्पेडनोजच्या दातांची कड साफ.

आणि धड हातात आहे तर पोटावर, छातीच्या दोन परांच्या मधोमध बघाच. तिथे नाळेची खूण असते. या जातींची पिल्लं आईच्या पोटात नाळेवर वाढतात. जन्मल्यावर काही आठवडे ती चीर उघडी किंवा ओली दिसते, मग भरते आणि नुसती रेघ राहते, पुढे तीही जाते. स्पेडनोजचं पिल्लू जन्मतं तेव्हा वीतभरच असतं. त्यामुळे दीड-दोन फुटांच्या माशाच्या पोटावर चीर उघडी दिसली, तर ती छोटी मुशी असूच शकत नाही. ते कुठल्यातरी मोठ्या जातीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू आहे: ब्लॅकटिप, कानमुशी किंवा बुल शार्क.

नर असेल तर आणखी सोपं. पोटाकडच्या परांना आतल्या बाजूने दोन दांड्या असतात. त्या लांब आणि कडक झाल्या असतील तर मासा वयात आलेला. हातभर लांबीच्या नराच्या दांड्या कडक असतील तर तो स्पेडनोजसारख्या लहान जातीचा. त्याच लांबीच्या माशाच्या दांड्या आखूड आणि मऊ लागल्या तर थांबून नीट बघावं.

वेसावकर

नाळेची खूण आम्ही बघतो, आमच्याकडे तिला बेंबीच म्हणतात. पण तिच्यावरून जात काढायची हे डोक्यात आलं नव्हतं. घरात सांगतो.

अलिबागची_लेक

मी स्वयंपाकघरातून लिहिते. आमच्याकडे मुशी आणली की आधी कढत पाणी ओततात आणि सुरीच्या पाठीने कातडी खरवडतात. वरची सगळी वाळू निघते. आम्ही तिला वाळूच म्हणायचो. ते खवले म्हणजे बारीक दात आहेत हे आज कळलं! लहान मुशीला एकदा पाणी पुरतं. मोठ्या मुशीच्या तुकड्याला दोनदा ओतलं तरी पुन्हा खरवडावं लागतं.

मग आलं-लसूण, हळद, कोकम लावून ठेवायची. कोकम जरा जास्तच, नाहीतर वास राहतो. माझ्या सासूबाई बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचा रस्सा द्यायच्या, माझ्या दोन्ही वेळी दिला. त्यासाठी लहान मुशीच घ्यायची, मोठी नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. कारण कधी सांगितलं नाही.

मालवणी_झील

आमच्याकडे मोरी हाडली की आवशीचो पयलो हात कातडेर फिरता. मोरयेचा मटाण म्हणजे सणच. गोव्याक आंबट-तीक करतत, ता पण मोरयेचाच बरा लागता.

रसायनी

ताई, तुमच्या सासूबाईंचा कटाक्ष आजच्या माहितीशी जुळतो. शार्क दुसरे मासे खातो, ते मासे आणखी लहान मासे खातात. पाण्यातला पारा मिथाइल स्वरूपात या साखळीतून वर चढत जातो. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितका त्याच्या मांसात पारा जास्त. तो स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे उकळून, धुऊन किंवा कोकम लावून जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या यादीत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या माशांमध्ये शार्कचं नाव स्पष्ट आहे. तेव्हा परंपरेचा पूर्ण मान ठेवून सांगते, बाळंतिणीला बांगडा, तारली, मांदेली द्या. मोठ्या मुशीचा तुकडा तर नकोच.

वासाचं कारण वेगळं. शार्क समुद्राच्या खारेपणाशी जुळवून घ्यायला रक्तात आणि मांसात युरिया साठवून ठेवतो. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात. मासा लगेच बर्फात गेला, रक्त नीट काढलं, तर वास कमी येतो. बाजारात नाकाला अमोनिया झोंबत असेल तर ती मुशी शिळी आहे, कितीही स्वस्त असो.

पाण्याखालचा

दातांबद्दल खूप आलं, मी पोटाबद्दल आणि वागण्याबद्दल लिहितो. मालवणच्या खडकांत स्कूबा करताना कपारींत बांबू शार्क दिसतात. दिवसा निवांत पडून असतात, रात्री खेकडे, किडे, लहान मासे शोधतात. नाकाजवळ मिशांसारखे दोन बारीक धागे, तोंड डोळ्यांच्या पुढे आणि लहान. पाठीवरचे दोन्ही पर जवळजवळ सारख्या आकाराचे आणि बरेच मागे. हे पकडून चावत नाहीत, तोंडाने ओढून घेतात, त्यामुळे दातही छोटे. मासा अंडी घालणारा आहे, त्याची चामड्याची तपकिरी पिशवी कधी किनाऱ्यावर वाहून येते. करड्या बांबू शार्कच्या पिल्लांच्या अंगावर गडद पट्टे असतात आणि मोठा झाल्यावर तो एकरंगी होतो, म्हणून लोक पिल्लाला वेगळी जात समजतात.

झेब्रा शार्कचंही तसंच. पिल्लू पट्ट्यांचं, मोठा ठिपक्यांचा. पण अंगावरून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या कातडीच्या उंच कडा लहानपणापासून म्हातारपणापर्यंत राहतात, आणि शेपूट जवळजवळ अर्ध्या अंगाएवढी. शंख-शिंपले हे त्याचं आवडतं खाणं.

कानमुशी ओळखायला कुणालाच अडचण नाही, पण तिच्यातही जाती आहेत. डोक्याच्या पुढच्या कडेला मधोमध खाच असेल आणि कड कमानदार असेल तर स्कॅलप्ड. खाच असून कड जवळजवळ सरळ असेल आणि पाठीवरचा पर उंच, मागे वळलेला असेल तर ग्रेट हॅमरहेड. डोक्याची रुंदी अंगाच्या लांबीच्या निम्म्याला पोचत असेल तर विंगहेड. ग्रेट हॅमरहेडच्या तोंडात आणि घशात पाकटाचे काटे रुतलेले सापडतात. डोक्याने पाकटाला तळाशी दाबून धरतो आणि त्याचे पर कुरतडतो. पोटातला ऐवज एवढं बोलतो!

किनारेकर

पोटातल्या ऐवजावर पूर्ण भिस्त ठेवू नका, एवढं जोडतो. डोलीत किंवा ट्रॉलच्या जाळ्यात अडकलेला शार्क जाळ्यातच शेजारचे मासे गिळतो. तोंडात, घशात ताजं, अजिबात न पचलेलं काही असेल तर ते त्याचं नेहमीचं खाणं असेलच असं नाही. पोटात अर्धवट पचलेलं, मऊ पडलेलं जे असेल ते धरायचं. आणि बऱ्याचदा पोट रिकामंच निघतं, कारण वर ओढताना शार्क पोट उलटून सगळं बाहेर टाकतो. गळाला लागलेल्याच्या पोटात तर आमिषच सापडतं. एकट्या पोटावरून जात ठरवता येत नाही, पण कातडी आणि दात एका बाजूला बोट दाखवत असतील तर पोट त्याला दुजोरा देतं. समुद्रसाप, कासवाच्या कवचाचे तुकडे, पक्ष्यांची पिसं आणि प्लॅस्टिक एकाच पोटात निघालं तर टायगर शार्कखेरीज दुसरं नाव मनात येत नाही.

वैतरणाकाठ

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला. बातम्यांत बुल शार्क म्हटलं होतं. समुद्रापासून इतक्या आत शार्क येतो कसा? आणि तो बुलच होता हे कशावरून म्हणायचं? आमच्याकडची पोरं आजही खाडीत उतरायला घाबरतात.

किनारेकर

बुल शार्क गोड्या पाण्यात राहू शकतो. अंगातल्या मिठाचं आणि युरियाचं प्रमाण तो पाण्याप्रमाणे कमी करतो, लघवी पातळ आणि जास्त करतो. त्याची मादी पिल्लं घालायला खाडीच्या तोंडाशी आणि नदीत शिरते, कारण मोठे शार्क तिथे कमी. खाडीतले शिंगाळे, बोय, लहान पाकटं हे पिल्लांचं खाणं. म्हणून खाडीत बुल शार्क दिसणं नवलाचं नाही, माणसावर हल्ला मात्र फारच क्वचित. गढूळ पाण्यात, भरतीच्या वेळी, संध्याकाळी, मासे साफ करत असतात त्या जागी उतरू नये, एवढी काळजी पुरेशी आहे.

ओळख: नाकाड आखूड, बोथट आणि रुंद. डोळे लहान. पाठीवर दोन परांमध्ये कड नाही. वरचे दात रुंद त्रिकोणी, करवती. परांना काळी टोकं मोठ्यात नसतात.

इथे एका गोष्टीसाठी डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. बुल शार्कशी हुबेहूब मिळता एक दुर्मिळ जीव आहे, गंगा शार्क. नाव गंगेचं असलं तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये ससून डॉकवर २६६ सेंटिमीटर लांबीची गंगा शार्कची मादी नोंदवली गेली आहे. म्हणजे हा मासा आपल्या बाजूच्या समुद्रातही आहे. तो पाटीत आला आणि बुल म्हणून कापला गेला तर पृथ्वीवरच्या अगदी थोड्यांपैकी एक गेला, आणि कुणाला कळलंही नाही. या विचाराने मला झोप लागत नाही.

दोघांतला फरक तीन ठिकाणी. बुलच्या पाठीवरचा दुसरा पर पहिल्याच्या साधारण एक-तृतीयांश उंच, गंगा शार्कचा निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त. शेपटी सुरू होते तिथे वरच्या बाजूला एक खळगा असतो. बुलमध्ये तो आडवा, चंद्रकोरीच्या आकाराचा, गंगा शार्कमध्ये लांबीच्या दिशेने उभा. तिसरं, गंगा शार्कचे खालचे पुढचे दात लांब आणि अरुंद. खळग्याची खूण डोकं गेलं तरी राहते, म्हणून वेसावकर, तुमच्या धडाच्या प्रश्नालाही ती लागू पडते.

नोंदवही

कायद्याचं थोडक्यात. बहिरीला मे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये घेतलं, त्याच वर्षी पुढे गंगा शार्क, पाँडिचेरी शार्क, करवत मासे वगैरे आले. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, यादी आणखी वाढली. पंखांची निर्यात २०१५ पासून बंद आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात झालेल्या साइट्सच्या, म्हणजे संकटातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, बैठकीत कारकॅरिनिडी हे अख्खं कुटुंब परिशिष्ट २ मध्ये घेतलं गेलं, त्यात आपली डोलीतली छोटी मुशीही येते. याचा अर्थ घरच्या बाजारात ती विकायला बंदी झाली असा नाही, परदेशात पाठवायची तर परवाना आणि कागद लागतात. आणि कागदावर जात लिहावी लागते, नुसतं मुशी लिहून चालत नाही.

जाळ्यात संरक्षित जीव आला आणि जाळं कापून सोडला, तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून लागतो. ही गोष्ट प्रत्येक तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, माहीत असायला हवी.

वेसावकर

नोंदवही, भरपाईचं माहीत आहे. आमच्या गावात बहिरी सोडल्यावर मिळाली आहे. पण जाळं कापलं की त्या दिवसाचा धंदाही जातो, हे लक्षात घ्या. तरी सोडतात पोरं. बहिरीला आमच्यात देवाचाच मासा मानतात.

हर्णैकर

आता माझं कोडं. परवा हर्णैच्या बंदरावर एक मुशी बघितली, फोटो अंधुक आला म्हणून शब्दांत लिहितो. लांबी साधारण ८० सेंटिमीटर. रंग राखाडी-तपकिरी, पोट पांढरं, कुशीवर फिकट पट्टा. छातीच्या परांची टोकं, पाठीवरच्या दुसऱ्या पराचं टोक आणि शेपटीच्या खालच्या पानाचं टोक गडद काळं. पाठीवरच्या पहिल्या पराला काळं टोक नाही, फक्त कडेला बारीक रेघ. पोटात माकूल आणि लहान मासे, बरेचसे पचलेले. नाळेची चीर भरलेली होती. नर होता, दांड्या आखूड आणि मऊ. दुकानदाराने ब्लॅकटिप सांगितलं.

पाण्याखालचा

काळी टोकं म्हणजे ब्लॅकटिपच की. मालवणला बघितलेत असे.

किनारेकर

घाई नको. काळी टोकं असलेले बरेच आहेत आणि सगळ्यांनाच बाजारात ब्लॅकटिप म्हणतात. ब्लॅकटिपच्या शेपटीजवळचा खालचा पर बहुतेकदा पांढरा राहतो, बाकी तसाच पण त्या पराचं टोकही काळं असेल तर मोठा स्पिनर. काळ्या टोकाच्या खाली पांढरा पट्टा चमकत असेल तर ब्लॅकटिप रीफ. फक्त दुसऱ्या पाठपरावरच काळा डाग असेल तर व्हाइटचीक.

हर्णैकर, तीन गोष्टी सांगा. एक, दोन पाठपरांच्या मध्ये बोट फिरवलं होतं का, कड लागली का? दोन, वरचे दात सरळ उभे की तिरपे? तीन, नाकाडाचं टोक चिमटीत धरून दाबलं का? टोक दगडासारखं टणक लागलं तर हार्डनोज असेल, त्याच्या नाकाडातली कूर्चा चुन्याने घट्ट झालेली असते. बाकीच्यांचं थोडं दबतं.

हर्णैकर

कड होती, स्पष्ट. वरचे दात चांगलेच तिरपे, कडेला करवत जाणवली. नाकाड दबलं.

किनारेकर

मग स्पॉटटेल. कड आहे म्हणजे ब्लॅकटिप आणि स्पिनर दोघेही बाद, त्यांची पाठ सपाट असते. नाकाड दबलं म्हणजे हार्डनोज बाद. पहिला पाठपर कोरा आणि दुसऱ्याचं टोक, छातीचे पर, शेपटीचं खालचं पान काळं, हा मेळ स्पॉटटेलचा. तिरपे करवती दात आणि पोटातलं माकूल त्याला दुजोरा देतात. नर साधारण मीटरभर झाल्यावर वयात येतो, तुमचा ८० सेंटिमीटरचा म्हणजे वाढीच्या मधला. मऊ दांड्याही तेच सांगतात. नोंद अशी ठेवा: हर्णै, तारीख, लांबी, नर, अपक्व, कुठल्या जाळ्यात आला.

पुढच्या वेळी फोटो पाच लागतील. पूर्ण मासा कुशीवर, शेजारी मोजपट्टी. डोकं खालून, म्हणजे तोंड आणि ओठांचे कोपरे दिसतील. पाठ वरून, दोन्ही पर आणि मधली जागा. शेपटीच्या मुळाचा खळगा जवळून. आणि पोट, छातीच्या परांच्या मधोमध. वेळ एकाच फोटोचा असेल तर पाठीचा घ्या.

वेसावकर

उद्या सकाळी आमच्या बंदरावर गळाच्या दोन बोटी लागणार आहेत. मोठी मुशी असणार. लिलाववाल्याशी बोललोय, पाटी उचलायच्या आधी पाच मिनिटं देतो म्हणाला. शेपटीच्या खळग्याचे फोटो इथेच टाकतो.